ब्रूनोच्या गळ्यातलं हॉल तिकीट

ईशाताईने माझं हॉल तिकीट कुत्र्याच्या गळ्यात अडकवलं.

पट्ट्याला केसांची क्लिप लावून. माझा फोटो, माझं नाव, बैठक क्रमांक, सगळं वर दिसेल असं. ब्रूनोने मान हलवली तसं ते फडफडलं आणि हॉलमध्ये बसलेले सगळे हसले.

रविवारची दुपार होती. ईशाताई, तिच्यासोबत फ्लॅटमध्ये राहणारी तन्वीताई आणि त्यांच्या कॉलेजातली तीन-चार मुलं-मुली. मी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले. विचारायचं होतं. 

"ताई, बुधवारी सकाळी जरा सुट्टी हवी होती. पेपर आहे."

"कसला पेपर?"

"दहावीचा. बीजगणिताचा."

खोटं बोलतेय असं वाटू नये म्हणून हॉल तिकीट ओढणीखाली धरून आणलं होतं. ते पुढे केलं.

"मावशी! तुम्ही दहावी?" ईशाताईने ते हातात घेतलं. "हे कधी केलं तुम्ही? आणि फोटो बघ ना हिचा, सो सीरियस!"

तिकीट हातोहात फिरलं. एक मुलगा म्हणाला, "ब्रूनोला पण बसव ना यार सोबत. तो पण नववी फेल."

"त्याला निदान शेकहँड तरी येतो," तन्वीताई म्हणाली.

मग ती क्लिप. मग मोबाइल बाहेर आले. "ब्रूनो, इकडे बघ, बोर्ड एक्झाम!" फोटो काढला. तिथल्या तिथे स्टोरीला टाकला. ब्रूनोला वाटलं खाऊ आहे. त्याने मान वळवून तिकिटाचा कोपरा तोंडात धरला आणि चावला.

मीही हसले.

हे मला लिहायलाच हवं. मी रडले नाही, ओरडले नाही. हसले. सगळ्यांच्या सुरात, दात दाखवून. मग वाकून त्याच्या तोंडातून तिकीट सोडवलं आणि ओढणीने लाळ पुसली.

ईशाताई म्हणाली, "पण बुधवारचं नाही जमणार हं मावशी. बुधवारी फेस्ट आहे, आम्ही दोघी दिवसभर कॉलेजला. ब्रूनोला एकटं ठेवता येत नाही, तुम्हाला माहितीये ना?"

"हो ताई," मी म्हणाले.

कप उचलले आणि आत गेले.

*

ईशाताई माझ्यापेक्षा वर्षभराने लहान आहे. तरी मी तिला ताई म्हणायचे आणि ती मला मावशी. पहिल्या दिवशीच ठरलं ते. कोणी ठरवलं, माहीत नाही. हातात झाडू घेतला की बाईचं वय आपोआप वाढतं.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका गावची. आमची वस्ती नाल्यापलीकडे. नववीत असताना बाप गेला. आईचे गुडघे आधीच गेलेले. सोयाबीन काढायच्या दिवसांत मी शाळेत जायची थांबले ती थांबलेच. गुरुजी एकदा घरी आले, दारात उभं राहून म्हणाले, "पोरगी हुशार आहे." आई म्हणाली, "हो जी." तेवढंच.

ईशाताईच्या आईचं सासर आमच्या गावचं. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. ते ठाण्याला राहतात, पण गावात त्यांची शेती आहे, मोठं घर आहे. माझी आजी, माझी आई, दोघींनी त्या घरचं अंगण झाडलं. आम्ही राहतो ती खोलीही त्यांच्याच जागेत आहे. ईशाताईला वसईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा मॅडमनी वसईत फ्लॅट घेतला आणि आईला म्हणाल्या, "मुलगी माझ्याकडे दे. घरातल्यासारखी राहील. गावात राहून काय होणार तिचं?"

मला खोटं लिहायचं नाही. मी त्यांची ऋणी होते. मनापासून. गावात राहिले असते तर माझं काय झालं असतं ते मला माहीत आहे. मॅडमनी मला गाडीत बसवून आणलं. घाटात मला उलटी झाली तेव्हा गाडी थांबवून पाणी दिलं. दोन चांगले ड्रेस दिले, मोबाइल दिला. पहिले कितीतरी महिने मी झोपताना मनात त्यांच्या पाया पडायचे. आणि त्याच वेळी मला सतत भीती असायची. कुकरची शिट्टी जास्त झाली तर. दार उघडायला उशीर झाला तर. मॅडमचा फोन वाजला की हात ओले असले तरी धावत जायचे. चूक झाली आणि परत पाठवलं तर?

स्वयंपाकघर लावताना मॅडमनी मला एक स्टीलचं ताट, एक वाटी आणि एक कप दिला होता. निळ्या फुलांचा कप. म्हणाल्या, "हे तुझं. बेसिनखाली ठेवत जा. गैरसमज करून घेऊ नकोस, हायजीनसाठी सांगते."

मी कसलाच गैरसमज करून घेतला नाही. गावात त्यांच्या घरी आईचा कप मागच्या भिंतीच्या कोनाड्यात असायचा. इथे भिंतीला कोनाडा नव्हता, बेसिनखाली जागा होती. फिनेलच्या बाटलीशेजारी. मला ते नवीन वाटलंच नाही. वसईला येऊनही मला घरच्यासारखं वाटलं ते बहुतेक तेवढ्याच एका गोष्टीत.

*

कुत्रा पाळावा की नाही, यावर आमच्या घरात मोठी चर्चा झाली होती.

ईशाताई तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. विरारला कुणाकडे तरी हस्कीची पिल्लं झाली होती. निळ्या डोळ्यांची, बर्फातल्या देशातली जात. तिने फोटो बघितला आणि हट्ट धरला. एका संध्याकाळी हॉलमध्ये सगळे बसले. मॅडम आणि साहेब व्हिडिओ कॉलवर. सोसायटीचे सेक्रेटरी काका सोफ्यावर. मी खाली बसून मेथी निवडत होते.

साहेब म्हणाले, "कॉलेजच्या पोरांनी कुत्रा पाळू नये. अभ्यास कधी करणार?"

"पप्पा, उलट स्ट्रेस कमी होतो. जबाबदारी कळते."

"परीक्षा असेल तेव्हा? तुम्ही दोघी लेक्चरला गेलात, मग?"

"पप्पा, प्लीज ना!"

सेक्रेटरी काका म्हणाले, "माझं एवढंच आहे. ही जात रडते. लांडग्यासारखी. मागे सी विंगमध्ये एकाने ठेवला होता, अख्खी बिल्डिंग हैराण. घरात कायम कोणीतरी असेल तर माझी हरकत नाही."

मग मॅडम बोलल्या. मोबाइलमधून त्यांचा आवाज आला. "आमची मुलगी आहे ना तिथे. ती कायम घरातच असते. तिला कुठे जायचंय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ईशाताईने उठून मला मिठी मारली. "मावशी, यू आर द बेस्ट!" मेथीच्या काड्या माझ्या मांडीवरून खाली सांडल्या.

मला कोणी काही विचारलं नव्हतं. पण त्या दिवशी मी खूश होते. इतक्या लोकांचा प्रश्न माझ्यामुळे सुटला होता.

ब्रूनो आला. हगणं-मुतणं पुसायला मी. सकाळ-संध्याकाळ फिरवायला मी. त्याचं कोंबडीचं मटण शिजवायला मी, त्याचे केस सोफ्यावरून वेचायला मी. रविवारी ईशाताई त्याला भुईगावच्या किनाऱ्यावर न्यायची, व्हिडिओ काढायची, वाळूने भरलेला कुत्रा संध्याकाळी माझ्या हातात द्यायची. "मावशी, याला अंघोळ."

त्याचं जेवणाचं भांडं मी घासून बेसिनखाली ठेवलं होतं, माझ्या ताटाशेजारी. ईशाताईने ते उचललं. "अय्या मावशी, खाली काय ठेवता? ही इज फॅमिली." आणि ते वर रॅकमध्ये ठेवलं. त्यांच्या ताटांच्या ओळीत.

मी बघितलं. मला काही वाटलं नाही. नंतर मी खूप आठवून पाहिलं, तेव्हा काही वाटलं होतं का? नाही. मी रॅकमधली जागा जरा सरकवून त्याचं भांडं नीट बसवलं.

जनावराचा काय दोष? त्याने मला कधी हाक मारून बोलावलं नाही. तो स्वयंपाकघरात येऊन माझ्या सतरंजीवर झोपायचा. माझ्या पायावर तोंड ठेवायचा. त्या एका मिठीनंतर त्या घरात मला हात लावणारं तेच एक होतं.

*

संध्याकाळी मी त्याला पापडी गावाच्या बाजूला फिरवायला न्यायचे. तिथे गल्ल्यांना सावली आहे, केळीच्या वाड्या आहेत, आणि त्या गार बाजूला ब्रूनो जरा खूश असायचा. एका घरासमोर तो रोज बसायचा. उठायचाच नाही. त्या घरात एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. सगळे त्यांना टीचर म्हणायचे. त्या ओट्यावर बसून आजूबाजूच्या कामवाल्या बायांना शिकवायच्या. सही करायला, हिशोब करायला, कोणाला पुढचंही.

एके दिवशी त्यांनी फळ्यावर एक गणित लिहिलं आणि बाया गोंधळल्या. मी कुंपणाबाहेरून उत्तर बोलून गेले. तोंडातून निघून गेलं. मग घाबरले.

"कोण गं तू?" टीचर ओरडल्या. "आत ये. कुत्र्याला जांभळीला बांध."

त्या गोड बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिल्या दिवशीच म्हणाल्या, "नववीपर्यंत गेलीस आणि अपूर्णांक येत नाही? काय गवत कापत होतीस?" मी म्हणाले, "सोयाबीन." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "सतरा नंबरचा फॉर्म भरू. बाहेरून बसता येतं दहावीला. गावाहून शाळा सोडल्याचा दाखला मागव."

आईने दाखला काढून पाठवला. फोनवर म्हणाली, "मॅडमले सांगू नको आत्ताच. पास झाली की सांगू, त्याहिले बी बरं वाटंन."

एकदा टीचरनी सगळ्यांना चहा दिला. चहा झाल्यावर मी माझा कप घेऊन मागच्या दारी गेले, नळावर विसळला आणि तिथेच नळाच्या बाजूला जमिनीवर पालथा घातला. बाकी बायांचे कप टीचरच्या सुनेने आत नेले.

टीचर मागे आल्या. कपाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"हा इथे का ठेवलास?"

 मला खरंच कळत नव्हतं त्या काय विचारताहेत.

"बाय, तुला कोणी सांगितलं इथे ठेव म्हणून?"

"नाही."

"मग?"

त्या चिडल्या होत्या. मला वाटलं आता क्लास बंद. त्या म्हणाल्या, "तुझ्या त्या मॅडमनी चांगलं शिकवलंय तुला. आता त्यांना बघायला पण यायला नको." आणि आत निघून गेल्या. कप त्यांनी उचलला नाही. तो मला उचलून आत नेऊन ठेवावा लागला. दहा पावलं असतील नसतील.  त्यांच्या सुनेच्या रॅकमध्ये कप ठेवताना माझा हात थरथरत होता, चोरी करताना थरथरावा तसा.

त्या दिवशी घरी येऊन मी बेसिनखाली वाकले आणि पहिल्यांदा तिथे नीट बघितलं. ओल. झुरळाचं पिल्लू. फिनेलची बाटली. निळ्या फुलांचा कप. मग उभी राहून रॅक बघितलं. कुत्र्याचं भांडं चकचकत होतं. मीच घासलेलं.

तरी मी कप उचलला नाही. उपकार आठवले.

*

दुपारी मी अभ्यास करायचे. मुली कॉलेजला गेल्या की ब्रूनोसाठी हॉलचा एसी चालू ठेवावा लागायचा. वसईच्या दमट हवेत बर्फातला कुत्रा, तो काय करणार? मी त्याच्या शेजारी फरशीवर पुस्तक उघडून बसायचे. तो घोरायचा, मी समीकरणं सोडवायचे. एकदा ईशाताई लवकर आली. पुस्तक मी त्याच्या पोटाखाली सरकवलं. ती म्हणाली, "वा मावशी, तुम्ही पण एसीत?" मी पटकन उठून स्वयंपाकघरात गेले. 

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाली. भाषांचे पेपर निभावले. कधी तन्वीताईला लेक्चर नव्हतं, ती झोपलेली. कधी ईशाताई घरी. बाजारात जाते म्हणून सांगायचे, पिशवीत कंपासपेटी. बीजगणिताच्या दिवशी मात्र घरात कोणी नव्हतं. म्हणून विचारायला गेले. म्हणून ते तिकीट ब्रूनोच्या गळ्यात अडकलं.

रविवारी संध्याकाळीच मॅडमचा फोन आला. रागावल्या नाहीत. ते जास्त कठीण गेलं.

"अगं, शिकायचं होतं तर मला सांगायचं ना. मीच भरला असता फॉर्म. चोरून कशाला?"

"चुकलं मॅडम."

"परीक्षा काय, पुढच्या वर्षी देता येते. ईशाचा बुधवारी कॉलेजमध्ये कार्यक्रम आहे. मुकं जनावर आहे ते, एकटं कसं ठेवायचं? तो रडला की सेक्रेटरी काढायला लावतील त्याला. तुला माया नाही का गं त्याची?"

मी ओट्यावरचं पाणी पुसत राहिले.

"बरं, मी तुझ्या आईशी बोलते."

सोमवारी आईचा फोन. "बाई, त्याहिचं मन मोडू नको. आपण त्याहिच्या जागेत राह्यतो."

"अन् पेपर?"

 आई म्हणाली, "पेपर काय, कागदच हाय तो."

दाखला काढायला ती गुडघे धरत शाळेपर्यंत चालत गेली होती. तीच आई.

मंगळवारी ईशाताईने हॉलमध्ये माझ्यासमोर भाषणाची तयारी केली. फेस्टमध्ये वादविवाद होता. विषय तिनेच सुचवलेला: कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी कुत्रा पाळावा का? ती बाजूने बोलणार होती. मी सोफ्यावरचे केस वेचत होते, ती मला म्हणाली, "मावशी, ऑडियन्स बना."

ती म्हणाली, "मित्रहो, ब्रूनोने मला शिस्त शिकवली. पहाटे उठायला शिकवलं. त्याची घाण साफ करताना माझा अहंकार गळून पडला."

माझ्या हातात केसांचा गोळा होता.

"कसं वाटलं मावशी?"

मला सगळं एकदम दिसलं. त्या मेथीच्या संध्याकाळी या प्रश्नावर सगळे बोलले होते. साहेबांनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाची काळजी केली. मॅडमनी कुत्र्याची सोय केली. परीक्षा असेल तेव्हा काय, हेही कोणीतरी विचारलं होतं. त्या घरात शाळा सुटलेली एक विद्यार्थिनी जमिनीवर बसून भाजी निवडत होती, तिची परीक्षा कोणाच्या डोक्यातच नव्हती. तिला कुठे जायचंय?

"छान झालं ताई," मी म्हणाले. ते माझं शेवटचं 'छान'.

*

बुधवारी आठला दोघी गेल्या. मी ब्रूनोला खायला दिलं. त्याचं भांडं घासलं. बेसिनखालचा कप काढला, त्यात चहा प्यायले, घासला आणि वर रॅकमध्ये ठेवला, ब्रूनोच्या भांड्याशेजारी. या वेळी हात थरथरला नाही. मग त्याला पट्टा लावला, चावलेलं हॉल तिकीट पिशवीत टाकलं, दार ओढून घेतलं आणि चावी सेक्रेटरी काकांकडे दिली.

"कुठे निघालीस याला घेऊन?"

"ज्यांचा आहे त्यांना द्यायला."

रिक्षावाले थांबेनात. एवढा मोठा कुत्रा बघून हात हलवून पुढे जात. चालत निघाले. ऊन चढलं होतं. निम्म्या वाटेवर ब्रूनो बसला. डांबर तापलं होतं, त्याचे पंजे भाजत होते. जीभ लोंबत होती. मी ओढलं, तो उठेना. पेपरची वेळ जवळ येत होती. बाजूला एका वाडीचं फाटक होतं. मनात आलं, इथेच बांधून पळावं. पट्टा फाटकाला गुंडाळलाही. त्याने माझ्याकडे बघितलं.

सोडला परत. वाडीतल्या माणसाकडून बादलीभर पाणी मागितलं, त्याच्या पायांवर ओतलं, त्याला प्यायला दिलं आणि सावली बघत बघत कडेच्या गवतावरून नेलं. मला उशीर झाला तो त्याच्यामुळे. त्याचं मला काही नाही.

कॉलेजच्या दारात मांडव, गाणी, रंगीत झेंडे. वॉचमनने अडवलं. "ओ मावशी, कुठे?" मी म्हणाले, "ईशाताईचा कुत्रा. मागवलाय." पहिल्यांदा त्या वाक्यात ताकद वाटली. त्याने सोडलं.

ईशाताई हॉलच्या पायऱ्यांवर मैत्रिणींत उभी होती. साडी नेसलेली, छातीला बिल्ला. मला बघून तिचा चेहरा बदलला.

"मावशी? काय झालं ब्रूनोला?"

मी पट्टा तिच्या हातात दिला. तिने घेतला, सवयीने कोणी काही दिलं की घेतात तसा.

"हा तुमचा," मी म्हणाले. "माझा पेपर आहे."

"अहो पण... मावशी! असं काय करता? आत्ता माझं स्पीच आहे! मावशी!"

मागून ब्रूनो रडायला लागला. लांब, उंच, लांडग्यासारखा. मी वळले नाही. वळले असते तर गेले नसते.

केंद्रावर पोचले तेव्हा पेपर सुरू झालेला. वर्गावरच्या बाईंनी घड्याळ दाखवलं, फाटलेला कोपरा बघितला. "हे काय झालं?" "कुत्र्याने चावलं." "कुत्र्याने?" मागच्या बाकावरची मुलं खुसखुसली. मी हसले नाही. बाईंनी सही केली आणि मला बसू दिलं. ड्रेसवर पांढरे केस, हाताला कुत्र्याचा वास. जे येत होतं ते लिहिलं. शेवटचा प्रश्न राहिला.

*

आता यात कोणाला गोड शेवट हवा असेल तर तो माझ्याकडे नाही.

संध्याकाळी मॅडम ठाण्याहून आल्या होत्या. माझी पिशवी दारात काढून ठेवलेली. त्या खूप बोलल्या. कृतघ्न, साप, आईने हेच शिकवलं का. आणि मध्येच म्हणाल्या, "आणि तो कप वर कोणी ठेवला?"

एवढ्या गडबडीत त्यांना तो कप दिसला होता.

"मी," म्हणाले.

ईशाताई मला काही बोलली नाही. ती खुशीत होती. तन्वीताईने मला नंतर सांगितलं, ईशाताई ब्रूनोला घेऊनच स्टेजवर गेली. कुत्रा तिच्या पायाशी बसला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. पहिला नंबर आला तिचा. मी उन्हातून चालवत नेलेला कुत्रा. माझं बंडही तिच्या भाषणाच्या कामाला आलं.

गावी आईचं मोठ्या घरातलं काम बंद झालं. खोलीतून अजून काढलेलं नाही, पण रोज बोलणं ऐकावं लागतं. आई माझ्याशी बोलत नाही. मी फोन करते, ती उचलते आणि नुसती ऐकते.

उरलेले पेपर मी टीचरकडे राहून दिले. निकाल लागला. बाकी सगळ्यात पास. बीजगणितात नापास. टीचर म्हणाल्या, "शेवटचं गणित सोडलंस ना?" मी म्हणाले, "वेळ नव्हता." त्या म्हणाल्या, "हं. उद्यापासून ये."

मी आता वसईच्या पूर्वेला वालीवच्या बाजूला खोके भरायच्या कारखान्यात काम करते. इतर बायांबरोबर एका खोलीत राहते. पंखा आहे, तो आवाज करतो. रात्री पाय दुखतात. इथेही सुपरवायझर ओरडतो. पण चहाचे कप एकाच ट्रेमध्ये येतात आणि एकाच ट्रेमध्ये जातात. सुरुवातीला मी प्रत्येक वेळी बघायचे. अजूनही बघते.

मागच्या आठवड्यात ईशाताईचा व्हॉइस मेसेज आला. "मावशी, ब्रूनो जेवत नाहीये. दाराकडे बघत बसतो सारखा. नवीन बाई आली ती पळून गेली. माझं लास्ट इयर आहे, मला नाही जमत हे सगळं. आई म्हणाली झालं गेलं विसरू. तुम्ही या ना परत. त्याच्यासाठी तरी."

मागे तो रडत होता. मला त्याचा आवाज ओळखता येतो.

मी तो मेसेज परत परत ऐकला.  पट्टा त्याच्या गळ्यात आहे, हे मला माहीत आहे. पण दुसरं टोक त्यांना माझ्या गळ्यात बांधायचंय, हेही आता दिसतं. उपकार संपले तेव्हा माया काढली.

मी उत्तर पाठवलं. बोलून, कारण मला आवाज कापतो की नाही ते बघायचं होतं.

"ईशाताई, मी येणार नाही. कुत्रा तुमचा आहे. पाळायचा तर तुम्ही पाळा, नाही जमत तर जो पाळेल त्याला द्या, पण त्याला उपाशी ठेवू नका. आणि मी मावशी नाही. तुमच्यापेक्षा वर्षाने मोठी आहे. माझं नाव तुम्हाला माहीत नसेल तर तुम्ही काढलेला तो फोटो उघडा. ब्रूनोच्या गळ्यात आहे. वाचा."

आवाज कापला. तरी पाठवला.

जुलैत बीजगणिताचा पेपर आहे. सुपरवायझरकडे मी सुट्टी मागितली नाही. त्याच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगितलं, त्या दिवशी मी येणार नाही. तो म्हणाला, "कामावरून जाशील." मी म्हणाले, "जाईन." नापास झाले तर पुन्हा बसेन. पुन्हा नापास झाले तर पुन्हा. हॉल तिकीट आता मी कोणाच्या हातात देत नाही.